वजनकाटा आणि आरोग्य : उपचाराची एक नवी दृष्टी

प्राथमिक आरोग्य केंद्र असो, तालुक्याचे रुग्णालय असो वा शहरातील खाजगी दवाखाना असो, रुग्णाची पहिली भेट बहुधा वजनकाट्याशी होते. काट्यावरील आकडा केसपेपरवर नोंदला जातो आणि पुष्कळदा पुढचे सारे संभाषण त्या आकड्याभोवतीच फिरत राहते. आकडा मोठा असेल तर "वजन उतरवा" असा सल्ला मिळतो. लहान असेल तर "तुम्हांला चिंतेचे कारण नाही" असे आश्वासन मिळते. हा सल्ला आणि हे आश्वासन ही दोन्ही कित्येकदा फसवी ठरतात, असे गेल्या काही दशकांतील संशोधनावरून दिसून आले आहे. म्हणूनच काही देशांतील डॉक्टर, परिचारिका व आहारतज्ज्ञ एक वेगळा मार्ग अंगीकारू लागले आहेत. त्यास वजन-निरपेक्ष उपचारदृष्टी असे म्हणता येईल. ही दृष्टी म्हणजे काय, तिला आधार कोणता, तिच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्या गावातील आरोग्यसेवेत तिचा उपयोग कसा करता येईल, याची माहिती वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा जाणकार नाही. तथापि या प्रश्नाकडे त्याचे लक्ष वेधले गेले ते त्याच्या स्वतःच्या आप्तांच्या अनुभवामुळे. तो अनुभव प्रथम सांगणे उचित होईल.

एका घरातील दोन रुग्ण

वडोदरा, म्हणजे जुन्या मराठी वाचकांचे बडोदे, या शहरातील दांडिया बाजारात लेखकाच्या आत्याचे घर आहे. आतेबहीण अंगाने स्थूल. वय पंचेचाळीसच्या आसपास. काही वर्षांपूर्वी जिना चढताना तिला धाप लागू लागली, दिवसभर थकवा वाटू लागला. ती एका दवाखान्यात गेली. तेथे तिला काट्यावर उभे करण्यात आले आणि इतर रुग्णांच्या देखतच सांगण्यात आले, "पहेलां वजन उतारो, पछी आवजो." आधी वजन उतरवा, मग या! ती घरी परतली. रात्रीचे जेवण तिने सोडले, आठवड्यातून दोन उपवास धरले. चार किलो वजन उतरले आणि सहा महिन्यांत पाच किलोंनी वाढले. धाप मात्र वाढतच गेली. दवाखान्याची पायरी ती त्यानंतर दोन वर्षे चढली नाही. "तेच ऐकायचं असेल तर जायचं कशाला?" असे ती म्हणत असे.

अखेरीस दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिला आग्रहाने नेण्यात आले. त्यांनी झोप कशी लागते, पाळीच्या वेळी रक्तस्राव किती होतो, घरात शेवटी कोण जेवते, असे प्रश्न विचारले आणि रक्त तपासावयास सांगितले. हिमोग्लोबिन सातच्या आसपास निघाले. शिवाय अवटु म्हणजे थायरॉईड ग्रंथीचे कार्य मंदावलेले आढळले. लोहाच्या व थायरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्तस्रावावर उपचार झाले. पुढे ती रोज सकाळी कमाटी बागेत चालावयास जाऊ लागली. वर्षअखेरीस तिचे वजन अवघे दीड किलोने उतरले होते. परंतु हिमोग्लोबिन बारावर आले होते आणि तीन मजले ती न थांबता चढत होती.

आतोबांची कथा याच्या उलट. ते पहिल्यापासून सडपातळ. "अंगावर मांस नाही त्याला कुठली आलीय साखर?" असे ते नेहमी म्हणत आणि ऐकणारेही मान डोलावत. कोणीही त्यांना तपासणी सुचविली नाही. पायाची एक लहानशी जखम दोन महिने भरेना, तेव्हा रक्त तपासले आणि जुना, अंगात मुरलेला मधुमेह उघडकीस आला. एकाच छपराखाली एकीचा आजार तिच्या वजनाने झाकला आणि दुसऱ्याचा त्याच्या सडपातळपणाने. दोन्ही ठिकाणी तपासणाऱ्याची नजर काट्यापाशी थांबली होती.

आकड्याचा इतिहास

वजन योग्य की अयोग्य हे ठरविण्यासाठी आज सर्वत्र देह-वस्तुमान निर्देशांक, म्हणजे बोलीतील बीएमआय, वापरला जातो. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा अंक मिळतो. या गणिताचे मूळ १८३० च्या दशकात केतले या बेल्जियन विद्वानाने मांडलेल्या सूत्रात आहे. केतले हे खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते. समाजातील सरासरी मनुष्य कसा असतो हे त्यांना पाहावयाचे होते. एखाद्या रुग्णाची प्रकृती ठरविणे हा त्यांचा हेतू नव्हता. या सूत्रास आजचे नाव मिळाले ते १९७२ साली, अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या लेखातून.

मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घेण्यास हा अंक निश्चितच उपयोगी आहे. एका व्यक्तीचा निकाल लावण्यास मात्र तो अपुरा पडतो. कारण हाड, स्नायू, पाणी आणि चरबी यांतील भेद काट्याला कळत नाही. याचे उदाहरण शोधण्यास बडोद्याइतके चांगले गाव नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तेथील राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांचे नाव जुन्या पिढीस परिचित आहे. मराठीतील दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश १९३६ ते १९४९ या काळात याच शहरातून प्रसिद्ध झाला. अशा आखाड्यात घाम गाळणारा, १७० सेंटीमीटर उंचीचा व ९० किलो वजनाचा एखादा मल्ल घ्या. त्याचा निर्देशांक ३१ येतो आणि कोष्टकाप्रमाणे तो लठ्ठ ठरतो. त्याच उंचीचा, ६२ किलो वजनाचा, दिवसभर गादीवर बसून हिशेब लिहिणारा मनुष्य २१ च्या सुरक्षित अंकात बसतो. यांपैकी रक्तात साखर कोणाच्या अधिक आहे, हे कोष्टक सांगू शकत नाही.

पुण्याच्या संशोधनाचा धडा

या बाबतीत महाराष्ट्राने जगाला दिलेली माहिती मोलाची आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३, म्हणजे काट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण पाहता डॉ. युडकिन यांच्या देहात ते ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के आढळले.

हा भेद जन्मापासूनचा असतो, हेही पुण्यानजीकच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातून पुढे आले. त्या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बालके स्नायूंनी व पोटातील अवयवांनी लहान होती. परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्यांनी बरीचशी राखली होती. दिसावयास कृश, आतून चरबीयुक्त अशी ही देहयष्टी होय. सडपातळ भारतीय माणसाला मधुमेह का होतो, या कोड्याचा मोठा भाग यातून उलगडतो. आशियाई लोकांना कमी निर्देशांकावरही धोका संभवतो, हे ध्यानी घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकसंख्येसाठी २३ व २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचविले. तरीही टप्पा खाली आणल्याने काट्याचा मूळ दोष नाहीसा होत नाही.

वजन-निरपेक्ष दृष्टी म्हणजे काय ?

या दृष्टीचे सार थोडक्यात असे सांगता येईल. उपचाराचे उद्दिष्ट वजन नसून आरोग्य हे आहे. रुग्ण स्थूल असो वा कृश, त्याच्या तक्रारीची तपासणी सारख्याच काळजीने व्हावी. रक्तदाब, रक्तातील साखर, चरबीचे घटक, हिमोग्लोबिन, झोप, श्रम करण्याची शक्ती आणि मनःस्वास्थ्य यांवरून प्रगती मोजावी. आहार, चालणे, विश्रांती, तंबाखू व मद्य यांविषयीचा सल्ला सर्वांना सारखाच द्यावा आणि त्याचे फळ वजनाच्या घटीवर मोजू नये. वजनाविषयी बोलणे आवश्यक असेल तर रुग्णाची संमती घेऊन, एकांतात व आदराने बोलावे. कॅनडातील डॉक्टरांसाठी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत ही संमती घेण्याची पायरी स्पष्टपणे घातलेली आहे.

संमतीचा हा आग्रह केवळ सौजन्यापोटी नाही. हिणवले गेलेले रुग्ण दवाखाना टाळू लागतात, त्यांच्या आजारांचे निदान उशिरा होते, आणि हिणवण्याने वजन उतरत नाही ते नाहीच. अनेक देशांतील तज्ज्ञांनी २०२० साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात संयुक्त निवेदन प्रसिद्ध करून स्थूल व्यक्तींना मिळणाऱ्या या वागणुकीस आळा घालण्याचे आवाहन केले. आतेबहिणीची वाया गेलेली दोन वर्षे ही या निवेदनाची घरगुती साक्षच म्हणावी लागेल.

पुरावा काय सांगतो ?

वजन न उतरता आरोग्य सुधारते काय, हा मुख्य प्रश्न आहे. याचे एक उत्तर चेन्नईहून मिळाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचा तेथे तीन वर्षे अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला गेला त्यांच्यापैकी शेकडा ५५ जणांना या मुदतीत मधुमेह जडला. ज्यांना रोज चालण्याचा आणि साखर, मैदा व तेलतूप बेताने खाण्याचा सल्ला देऊन वारंवार पाठपुरावा केला गेला, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ वर राहिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्यांच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालेली नव्हती. केवळ काटाच पाहिला असता तर हा सारा प्रयत्न निष्फळ ठरविला गेला असता आणि पुष्कळांनी चालणे सोडून दिले असते.

अमेरिकेत ७८ स्थूल स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटास वजन उतरविण्याचा आहार दिला. दुसऱ्या गटास भूक व तृप्ती ओळखून खाणे, आवडीची हालचाल करणे आणि स्वतःचा देह स्वीकारणे हे शिकविले. पहिल्या गटातील शेकडा ४१ स्त्रियांनी मध्येच प्रयत्न सोडला. दुसऱ्यातील फक्त शेकडा ८ जणींनी. दोन वर्षांनी पहिल्या गटाचे उतरलेले वजन पुन्हा चढले होते. दुसऱ्या गटाचे वजन कायम होते, पण रक्तदाब व रक्तातील चरबी यांतील सुधारणा टिकून होती. प्रयोग लहान आहे, म्हणून त्यावर अधिक भार टाकू नये. परंतु त्याची दिशा चेन्नईच्या अनुभवाशी जुळते.

उतरलेले वजन परत का येते, याचे कारण रुग्णाच्या आळसात शोधण्याची आपल्याला सवय आहे. निर्देशांकास नाव देणाऱ्या अँसेल कीज यांनीच १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण शरीराने शक्तीचा खर्च आखडता घेतला, मन रात्रंदिवस अन्नातच गुंतून राहिले, आणि पोटभर अन्न मिळू लागताच भुकेला धरबंद राहिला नाही. देह उपासमारीशी झगडतो, तो स्वतःच्या रक्षणासाठी. त्यास चारित्र्याचा दोष मानणे अन्यायाचे आहे.

मर्यादा आणि मतभेद

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. वजन-निरपेक्ष दृष्टी म्हणजे वजनाकडे डोळेझाक नव्हे. अंगणवाडीत बालकाचे वजन घेतलेच पाहिजे, कारण कुपोषण त्यावरून कळते. गरोदर स्त्रीचे वजन प्रत्येक तपासणीत पाहावयाचे असते. काही औषधांचे प्रमाण आणि शस्त्रक्रियेपूर्वीची भूल वजनावर ठरते. प्रयत्नाविना वजन झपाट्याने उतरत असेल तर क्षय, मधुमेह वा कर्करोग यांची शंका घ्यावयास हवी.

स्थूलपणाने गुडघे झिजतात, झोपेत श्वास अडखळतो, हेही खरे आहे. वजन उतरविल्याने काहींना मोठा लाभ होतो. ब्रिटनमध्ये ३०६ मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरविणाऱ्या गटातील शेकडा ४६ जणांचा मधुमेह वर्षभरात औषधांविना आटोक्यात आला, असे २०१७ साली जाहीर झाले. त्यामुळे वजनाचा विचारच करू नये, हे मत सर्व तज्ज्ञांना मान्य नाही. मध्यम मार्ग 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये सुचविला. केवळ निर्देशांकावरून कोणासही रोगी ठरवू नये. कमरेचा घेर वा चरबीचे प्रमाण पाहावे, आणि अवयवांच्या कार्यात खरोखर बिघाड झाला आहे काय याची तपासणी करावी, असे त्याचे म्हणणे आहे. वजन उतरविणे हा उपचाराचा एक पर्याय असू शकतो. उपचार मिळण्याची ती पूर्वअट मात्र असू नये.

आपल्या गावात काय करता येईल ?

वाचकांस कदाचित नवल वाटेल, परंतु या दृष्टीचे बीज आपल्या सरकारी आरोग्यसेवेत आधीच पेरलेले आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषासाठी आशा कार्यकर्ती जी तपासणी सूची भरते, तिच्यातील धोका मोजणाऱ्या भागात वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडील वा भावंडांतील मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची विचारणा असते. वजनास त्यात गुण नाहीत. गुणांची बेरीज चारांहून अधिक झाल्यास त्या व्यक्तीस तपासणीसाठी प्रथम पाठवावयाचे असते. आतोबांसारखा सडपातळ मनुष्य काट्यावर निसटतो, पण या सूचीत सापडतो. सूची मात्र घरबसल्या अंदाजाने न भरता मोजपट्टी लावून भरली गेली पाहिजे. स्त्रियांच्या बाबतीत ८० आणि पुरुषांच्या बाबतीत ९० सेंटीमीटरपुढील घेराची दखल घेतली जाते.

अधिकारी व आरोग्य कर्मचारी यांना फारसा खर्च न करता काही सुधारणा करता येतील. वजनकाटा आडोशाला ठेवावा व आकडा मोठ्याने पुकारू नये. रक्तदाब मोजण्याचा मोठा पट्टाही जवळ असावा. कारण दंडाला लहान पडणारा पट्टा रक्तदाब खऱ्यापेक्षा अधिक दाखवितो आणि नको ती औषधे सुरू होतात. हात नसलेली मजबूत खुर्ची व रुंद बाक ठेवावा. धाप, गुडघेदुखी, थकवा अशी तक्रार घेऊन आलेल्या स्थूल रुग्णास, त्याच तक्रारीच्या सडपातळ रुग्णाला जी तपासणी सांगितली असती तीच सांगावी.

शिक्षकबंधुभगिनींचे उत्तरदायित्व याहून नाजूक आहे. शालेय तपासणीत वजन वर्गासमोर वाचून दाखविले जाते आणि त्यातून पडलेले टोपणनाव मुलास जन्मभर चिकटते. "जाड्या" आणि "काडी" ही दोन्ही नावे सारखीच बोचणारी. वजन एकांतात घ्यावे; खेळाच्या तासाला स्थूल मुलास कडेला न बसविता सर्वांबरोबर उतरवावे; आणि खेळ ही शिक्षा वाटू देऊ नये. सयाजीराव महाराजांच्या राजवटीत बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, आणि व्यायामशाळांनाही तेथे राजाश्रय लाभला. त्या आखाड्यांत अंगात बळ किती आले, दम किती टिकतो, हे पाहिले जाई. तोच निकष आजच्या क्रीडांगणावर पुन्हा आणण्यास कोणताही खर्च येत नाही.

ग्रामस्थांना सांगावयाचे ते एवढेच. आपण सडपातळ आहोत म्हणून निर्धास्त राहू नये आणि स्थूल आहोत म्हणून संकोचाने घरी बसू नये. वयाची तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जाऊन रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. ताटात डाळ, उसळ व भाजी वाढवावी, साखर व तळीव पदार्थ बेताने खावेत, घरातील बाईने सर्वांच्या मागून उरलेसुरले न खाता पोटभर जेवावे, आणि आठवड्यात निदान दीडशे मिनिटे झपाट्याने चालावे. यानंतर काटा हलला तर उत्तम. हलला नाही तरी चालणे सोडू नये, कारण चेन्नईतील त्या व्यक्तींचा काटाही फारसा हलला नव्हता. आणि एखाद्या ठिकाणी तक्रार ऐकून न घेता केवळ वजनाचाच आकडा सुनावला गेला, तर रुग्णाने नम्रपणे पण ठामपणे विचारावे : "याच तक्रारीसाठी सडपातळ माणसाला आपण कोणती तपासणी सांगितली असती? तीच मला सांगावी."